सैल राहिलेला नट

डेपोत त्यांना सगळे पक्कड म्हणायचे. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर छापलेलं असायचं, पण त्या नावानं कुणी हाक मारली असती तर त्यांनी मागं वळूनही पाहिलं नसतं. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी डेपोत ट्रक दुरुस्त केले. त्यांनी नुसत्या बोटांनी आवळलेला नट दुसऱ्या कुणाला पक्कड लावल्याशिवाय सुटत नसे, म्हणून हे नाव. नवा मेकॅनिक रुजू झाला की जुनी मंडळी त्याला मुद्दाम पाठवायची, ‘जा, तो फिल्टरचा नट सोडव, हातानंच लावलाय.’ तो बिचारा दहा मिनिटं झटापट करून लालबुंद तोंडानं परत आला की सगळे हसायचे. पक्कड हसत नसत. मिशीवरून एक बोट फिरवायचे, बस. त्यांच्या वाट्याला कौतुक फार आलं नाही. आलं ते असं, ग्रीसमध्ये माखलेलं.

ते रिटायर झाले, दोन वर्षांत बायको गेली, आणि एकट्या माणसाला घर खायला उठलं तेव्हा लेकीनं त्यांना आपल्याकडे नेलं. लेकीचं घर मालगाड्यांच्या रस्त्याला लागून होतं. पुढं दोन खोल्या, मागं एक लहान खोली, आणि त्या खोलीच्या खिडकीसमोर सिमेंटचं अंगण. अंगणात जावयाचा ट्रक उभा असायचा.

खोली दाखवताना लेक म्हणाली, ‘आबा, खिडकी उघडली की डिझेलचा वास येतो हं.’

‘येऊ दे की,’ पक्कड म्हणाले, आणि तिथं राहायला तयार झाले ते त्या वासापायीच.

जावई काही वाईट माणूस नव्हता. सासऱ्याला मामा म्हणायचा, औषधं संपायच्या आत आणून ठेवायचा, पण सतत कशाच्या तरी मागं धावत असायचा. एकच ट्रक, तोही जुना घेतलेला, आणि एकाच हॅचरीचं काम. हॅचरीत अंडी उबवून कोंबडीची पिल्लं निघायची; ती एक दिवसाची पिल्लं भोकं पाडलेल्या खोक्यांत भरून लांबलांबच्या शेडवर पोचवायची. ऐकायला सोपं काम, पण पिल्लांची गाडी मध्येच थांबून चालत नाही. गाडी पळत असली की बाजूच्या जाळ्यांतून वारा खेळतो. थांबली की खोक्यांच्या चळतीत मधोमध ऊब साठत जाते आणि पिल्लं माना टाकायला लागतात. जावई स्वतः हॅचरीच्या ऑफिसात आणि शेडवाल्यांकडे खेटे घालायचा. गाडीवर त्यानं ड्रायव्हर ठेवला होता.

ड्रायव्हरला सगळे हिरो म्हणायचे. वय चाळिशीच्या पुढं, पोट थोडं सुटलेलं, पण केस असे दाट की त्याला स्वतःलाच त्यांचं अप्रूप. गाडी चालू करायच्या आधी बाजूच्या आरशात बघून तो भांग पाडायचा. शिट्टी वाजवत यायचा, शिट्टी वाजवत जायचा. पक्कडच्या तो पहिल्याच दिवशी डोक्यात गेला.

‘पाणी काढलंस का?’ त्यांनी खिडकीतून विचारलं.

‘कसलं पाणी, काका?’

‘फिल्टरमधलं!’

‘काढू की. गॅरेजला गेली की काढू.’

पक्कड चप्पल न घालताच बाहेर आले. ‘अरे बाबा, डिझेलमध्ये पाणी येतंच. पंपावरच्या टाकीतून येतं. अर्धी रिकामी टाकी रात्रभर गारव्यात उभी राहिली की आतून घामेजते, त्याचंही येतं. पाणी जड, ते तळाला बसतं. म्हणून तर फिल्टरच्या बुडाला नट दिलाय. दोन आटे सैल करायचा, वरचा हातपंप दाबायचा, पाणी जाऊन स्वच्छ डिझेल आलं की आवळायचा. दोन मिनिटांचं काम. नाही केलंस तर तेच पाणी पुढं जाऊन पंप खातं, नोझल खातं. मग बस भर रस्त्यात शिट्टी वाजवत.’

‘काका, तुम्ही तर गाडीचे डॉक्टरच निघालात,’ हिरो म्हणाला. भांग पाडला आणि गाडी घेऊन गेला. पाणी काढलं नाही ते नाहीच.

पुढचे चार महिने जेवताना तोच विषय. जावई ताटावर बसला की पक्कड सुरू व्हायचे.

‘जावईबापू, तुमचा हिरो फिल्टरला बोटसुद्धा लावत नाही.’

‘सांगतो त्याला, मामा.’

‘सांगून ऐकणाऱ्यातला नाही तो. आळशी माणूस. केस विंचरायला वेळ आहे, गाडी बघायला नाही. एक दिवस दगा देणार तुम्हाला, लिहून ठेवा.’

‘आबा, जेवा हो, गार होतंय,’ लेक म्हणायची.

खरं सांगायचं तर हिरो आळशी नव्हता. वेळेवर यायचा, गाडी जपून चालवायचा, खोकी स्वतः चढवायचा. त्याला फक्त त्या दोन मिनिटांच्या कामाचं महत्त्व पटत नव्हतं. पण पक्कडच्या हिशेबी माणसं दोनच प्रकारची असत: पाणी काढणारी आणि न काढणारी.

शेवटी त्यांनी स्वतःच ते काम हातात घेतलं. पहिल्यांदा केलं तेव्हा डिझेल अंगणात सांडलं आणि सकाळी कपडे वाळत घालायला निघालेली लेक त्यावरून घसरली. लागलं नाही फार, पण जावयानं त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवला.

‘मामा, हात जोडतो. गाडीला हात लावायचा नाही. उद्या काही झालं तर हॅचरीवाले मला विचारणार, तुम्हाला नाही. तुम्ही आराम करा.’

आराम करा! एकतीस वर्षं ज्या हातांनी डेपोच्या गाड्या रस्त्यावर ठेवल्या त्या हातांना कुणीतरी ‘तुम्ही बसून राहा’ म्हणतं, आणि वर त्याला काळजी म्हणतं. दुसऱ्या दिवसापासून ते घर उठायच्या आधी, उजाडता उजाडता बाहेर जाऊ लागले. जॅमची एक रिकामी काचेची बाटली नटाखाली धरायची, पाणी काढायचं, नट आवळायचा, फडक्यानं सगळं पुसायचं आणि बाटली खाटेखाली ढकलायची. बाटलीत तळाला पाणी आणि वर डिझेल बसायचं. मधली रेघ बघितली की त्यांना दिवसभर बरं वाटायचं. गाडी पहिल्या फटक्याला चालू व्हायची. हिरोला वाटत असेल, गाडी गुणी आहे. जावयाला वाटायचं हिरो सुधारला. पक्कड खिडकीत बसून चहा प्यायचे आणि मनात म्हणायचे, वाटू दे.

एक गोष्ट मात्र त्यांनी लेकीपासून लपवली होती. साखरेच्या आजारानं त्यांची बोटं बधिर होत चालली होती. आधी पायाची, मग हाताची. चहाचा पेला हाताला भाजतोय हे त्यांना पेला ओठांना लागल्यावर कळायचं. शर्टाची गुंडी लागली की नाही हे खाली बघून ठरवावं लागायचं. डॉक्टरांना त्यांनी सांगितलं होतं, ‘बोटं जरा झोपल्यासारखी वाटतात.’ डॉक्टर म्हणाले होते, ‘ती आता झोपलेलीच राहणार, आजोबा. गरम वस्तू जपून धरा.’ नटाबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते, आणि पक्कडनीही विचारलं नव्हतं.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी नट सैल केला तरी पाणी येईना. भोकात गाळ अडकला होता. पक्कडनी नट पुरता काढून हातात घेतला, भोकात तार घालून गाळ मोकळा केला. भसकन काळं पाणी आलं, मागून डिझेल आलं. ते नट परत लावणार एवढ्यात आतून कडी वाजली. जावई उठला होता. त्या दिवशी त्याला लवकर निघायचं होतं. पक्कडनी घाईनं नट भोकाला लावला आणि फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. घट्ट झाला असं त्यांना वाटलं. बोटांनी तसं काही सांगितलं नव्हतं; पण जन्मभराची सवय होती, तिनंच परस्पर हो म्हणून टाकलं. बाटली उचलून ते खोलीत आले आणि पांघरूण ओढून पडले.

अर्ध्या तासानं हिरोची शिट्टी आली. गाडी चालू झाली, हॅचरीच्या दिशेनं गेली. पक्कड उठून बसले आणि त्यांनी लेकीकडं चहा मागितला.

अकराच्या सुमारास जावयाचा फोन लेकीला आला. ती ओट्याशी उभी होती, तिनं आधी गॅस बंद केला. गाडी पुलापुढच्या चढावर बंद पडली होती. आत साठ खोकी होती, एकेका खोक्यात शंभर पिल्लं. ऊन कडक होतं आणि वारा पडलेला होता.

‘कशानं बंद पडली?’ पक्कडनी विचारलं.

‘एअर घेतली म्हणतात. फिल्टरचा नट पडला म्हणे कुठंतरी.’

पक्कड आपल्या खोलीत गेले. खाटेखालची बाटली काढून उजेडात धरली. तळाच्या काळ्या पाण्यात नटाखालचं रबरी वायसर पडलं होतं. इवलंसं, काळं, गोल. घाईत ते नटावरून निसटलं होतं आणि त्यांच्या बोटांना पत्ता लागला नव्हता. वायसर नाही, आटे पुरते बसलेले नाहीत. गाडीच्या हादऱ्यांनी नट फिरत फिरत सुटला, डिझेलऐवजी हवा ओढली गेली आणि चढावर इंजिननं दम सोडला. पुढची सगळी हकिगत त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षांत असं दुसऱ्यांचं त्यांनी चारदा पकडलं होतं, आणि चारही वेळा त्या माणसाला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं.

त्यांनी बाटली धुतली. वायसर मोरीच्या पाण्याबरोबर वाहून जाऊ दिलं.

दुपारी तीनला ट्रक अंगणात आला. मागोमाग जावई. हिरोचा अवतार बघवत नव्हता. शर्ट डिझेलनं आणि घामानं अंगाला चिकटलेला, केस कपाळावर आलेले, उजव्या तळव्यावर फोड. गाडी बंद पडताच त्यानं आधी खोकी उतरवायला घेतली होती. साठच्या साठ, एकट्यानं, रस्त्याकडेच्या झाडांच्या सावलीत. वाटेनं जाणाऱ्या दोन बायकांनी थोडी मदत केली. मधल्या चळतीपर्यंत पोचेस्तोवर तिथली पिल्लं गेली होती. मग त्यानं झाडाची काडी तासून, तिला प्लास्टिक गुंडाळून नटाच्या भोकात ठोकली आणि हातपंप मारून मारून एअर काढली. छत्तीसशे पिल्लं त्यानं जिवंत पोचवली. चोवीसशे मेली.

जावयाला फक्त चोवीसशे दिसत होती.

‘फिल्टर उघडलास आणि आवळला नाहीस?’

‘मी फिल्टर उघडलाच नाही, साहेब.’

‘उघडला नाहीस, मग नट काय उडून गेला? चार महिने मामा कानीकपाळी ओरडत होते, हा फिल्टर बघत नाही, हा फिल्टर बघत नाही. शेवटी केलंस ते असं केलंस!’

‘अहो, पण तुम्हीच म्हणता मी फिल्टरला हात लावत नाही,’ हिरो म्हणाला. ‘हातच लावत नसेन तर सैल कसा ठेवेन?’

बोलणं अगदी सरळ होतं. लेक दारात उभी होती. पक्कड खिडकीत, गजांना धरून. हिरो त्यांच्याकडं वळला.

‘काका, तुम्ही सांगा. तुम्ही रोज सकाळी इथंच बसलेले असता. मला कधी फिल्टर उघडताना पाहिलंत?’

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. तो नुसता विचारत होता; हवं ते बोलायला वाट करून देत होता. पक्कडच्या ओठांवर आलंही होतं. पण जावयाचं तोंड त्यांना समोर दिसत होतं, लेक दिसत होती, पाठीमागची खाट आणि चार भिंती दिसत होत्या. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, पक्कडनं नट सैल ठेवला हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडेना. जीव गेला असता तरी चाललं असतं, ते वाक्य नको होतं.

‘मी काही बघितलं नाही,’ ते म्हणाले.

हिरोनं केबिनमधून आपला टॉवेल, डबा आणि कंगवा घेतला. जावई मागून बरंच काही बोलत होता. तो फाटक लावून निघून गेला. त्या दिवशी शिट्टी नव्हती.

नवीन ड्रायव्हर चार दिवसांत मिळाला. हॅचरीनं काम काढून घेतलं नाही, कारण जावयानं दोषी माणसाला त्याच दिवशी घालवलं होतं. ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना फार आवडली. घर पुन्हा सुरळीत चालू लागलं. जेवताना पक्कड आता गाडीचा विषय काढत नसत. जावईच एकदा म्हणाला, ‘मामा, तुमचं ऐकायला हवं होतं मी. तुम्ही आधीपासून सांगत होतात तो माणूस बरोबर नाही म्हणून.’ पक्कडनी घास तोंडात घातला.

पाचसहा आठवड्यांनी ते कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेले असताना टपरीवाल्यानं सहज सांगितलं, ‘तुमचा तो हिरो आठवतो का? गाडीवर कुणी घेत नाही त्याला. सिमेंटच्या गोदामात पोती उचलतो. पोरं त्याला पिल्लंमार म्हणतात.’

‘काय म्हणतात?’

‘पिल्लंमार. नाव काय ठेवतील लोक, नेम नाही,’ टपरीवाला हसला.

नाव चिकटतं म्हणजे काय ते पक्कडना चांगलं माहीत होतं. चहा तसाच ठेवून ते घरी आले. लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. ते तिच्यासमोर बसले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. नट, बाटली, वायसर, बोटं.

लेकीनं घडी घालणं थांबवलं नाही.

‘मला माहीत आहे, आबा.’

‘काय माहीत आहे?’

‘तुमचे शर्ट मी धुते ना. रोज बाहीला डिझेलचा वास यायचा. त्या दिवसापासून यायचा बंद झाला.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘कुणाला बोलू?’ ती पहिल्यांदा त्यांच्याकडं बघून म्हणाली. ‘यांना? चोवीसशे पिल्लं माझ्या आबांनी मारली म्हणून? मग तुम्ही कुठं राहिला असता? त्याची बायकापोरं मला दिसत नव्हती, तुम्ही दिसत होतात. म्हणून गप्प बसले.’

तिनं घड्या उचलल्या आणि आत गेली. पक्कडना वाटलं होतं आपण एकट्यानं ओझं वाहतोय. आता कळलं की त्यांनी ते लेकीच्याही डोक्यावर देऊन ठेवलं होतं आणि तिनं हूं की चूं केलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी जावयाला सांगितलं. जावयानं सगळं ऐकून घेतलं. रागावेल, ओरडेल, असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यानं नुसता हात लांबवून पंखा मोठा केला.

‘झालं ते झालं, मामा,’ तो म्हणाला. ‘आता हे घराबाहेर काढू नका.’

‘अहो, पण तो माणूस पोती उचलतोय.’

‘मी हॅचरीला लेखी दिलंय, ड्रायव्हरची चूक म्हणून. आता जाऊन काय सांगू? चूक माझ्या सासऱ्याची, आणि मी भलत्याच माणसाला काढला? मग ते म्हणतील, ज्याला घरातलं कळत नाही त्याला आपली पिल्लं कशाला द्या. विचार करा जरा.’

‘तुम्ही विचार करा,’ पक्कड म्हणाले.

‘मी केलाय,’ जावई म्हणाला आणि उठून आंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी पक्कड गोदामावर गेले. जेवणाची सुटी होती. हिरो पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. केस, भुवया, पापण्या सगळं सिमेंटनं पांढरं. त्यांना बघून तो उठला नाही.

‘बसा, काका. जपून, कपडे खराब होतील.’

पक्कड बसले. पुन्हा सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना ते आणखीच छोटं, आणखीच भिकार वाटत होतं. हिरो डब्यातलं संपवत होता.

‘मला त्याच दिवशी कळलं होतं,’ तो म्हणाला. ‘रोज सकाळी फिल्टरखाली फडक्यानं पुसलेलं दिसायचं. म्हटलं, म्हातारबुवा गुपचूप काम करतायत, करू दे. बरं वाटायचं मला. आपल्या गाडीची कुणीतरी काळजी घेतंय.’

‘मग त्या दिवशी अंगणात का नाही बोललास?’

‘म्हटलं तुम्ही बोलाल. खिडकीत होता तेव्हा नाही बोललात, तर म्हटलं जावयासमोर लाज वाटली असेल, संध्याकाळी सांगतील. संध्याकाळी नाही, तर सकाळी. म्हातारा माणूस, झोप लागणार नाही, सकाळी सांगेलच. आठ दिवस फोन हातातून खाली ठेवला नाही मी.’

‘खरंच झोप लागली नाही रे.’

‘पण सांगितलं नाहीत,’ हिरो म्हणाला. डबा बंद केला, तोंड पुसलं. ‘आता सांगाल? हॅचरीत येऊन? माफीबिफी मला नको. माझ्या नावावरचं तेवढं काढा. गाडी चालवण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही, काका. ही पोती माझ्यानं होत नाहीत.’

‘चल,’ पक्कड म्हणाले.

मुकादमाकडून अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन हिरोनं नळावर तोंड धुतलं आणि केसांतून ओले हात फिरवले. दोघं बसनं गेले.

हॅचरीच्या ऑफिसात व्यवस्थापक साहेबांनी त्यांना तासभर बसवलं आणि मग आत बोलावलं. साहेब तरुण होते, बोलायला गोड. पक्कडनी आपली एकतीस वर्षं सांगितली, फिल्टर सांगितला, बधिर बोटं पुढं करून दाखवली. साहेबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. झाल्यावर त्यांनी स्वतः उठून त्यांना पाण्याचा पेला दिला. पक्कडनी तो दोन्ही हातांनी धरला.

‘आजोबा,’ साहेब म्हणाले, ‘तुमचं मन मोठं आहे. गरीब माणसासाठी कुणी एवढं करत नाही आजकाल.’

‘मन नाही हो. मी खरं सांगतोय.’

‘हो हो. पण बघा, मालकानं लेखी दिलंय ड्रायव्हरची चूक म्हणून. मालक तुमचा जावईच ना? मग तुमच्या घरातली गोष्ट त्यांना माहीत नाही आणि या ड्रायव्हरला माहीत, असं कसं?’ त्यांनी हिरोकडं बघितलं. ‘वयस्क माणसाला एवढ्या उन्हातून घेऊन यायला नको होतं तुम्ही.’

‘मी आणलं नाही साहेब, तेच आले,’ हिरो म्हणाला.

‘मालकाकडून तसं लिहून आणा. मग बघू.’

एकेकाळी पक्कडनी गाडीबद्दल शब्द टाकला की डेपोचा मोठा साहेबसुद्धा फेरी थांबवायचा. आता ते स्वतःविरुद्ध साक्ष देत होते, तरी त्यांच्या शब्दाला वजन नव्हतं. खोटं बोलले तेव्हा तीनचार शब्दांत काम झालं होतं. खऱ्याला तासभर पुरला नाही. ते आणखी काही बोलणार होते, पण हिरोनं त्यांच्या दंडाला धरून उठवलं.

बाहेर बसच्या थांब्यावर पक्कड म्हणाले, ‘मी जावयाकडून लिहून घेतो. काहीही करून घेतो.’

‘तो देणार नाही,’ हिरो म्हणाला.

‘चहा घेतोस?’

‘नको.’

हिरोची बस आधी आली. चढताना त्यानं वळून पाहिलं नाही. चारेक महिन्यांनी तो बायकामुलांना घेऊन दुसऱ्या गावी गेला, असं टपरीवाल्याकडून कळलं. तिकडं त्याला गाडी मिळाली की पुन्हा पोतीच, हे कुणाला सांगता आलं नाही.

त्या दिवशी पक्कड घरी पोचेपर्यंत साहेबांचा फोन जावयाला येऊन गेला होता. त्यांनी म्हणे काळजीनं विचारलं होतं, सासरेबुवांची तब्येत बरी आहे ना, कुणीतरी त्यांना फूस लावून घेऊन आलं होतं. जावयानंही तीच री ओढली होती. हल्ली जरा विसरतात, काहीबाही बोलतात. हे त्यानं लेकीला सांगितलं, पक्कडच्या देखत, पण पक्कडना नाही. त्या दिवसापासून तो त्यांच्याशी थेट बोलेनासा झाला. ‘तुझ्या वडिलांना सांग, औषधं आणलीत.’ ‘तुझ्या वडिलांना विचार, जेवणार का.’ मामा हा शब्द त्या घरातून गेला. ट्रक तो आता पेट्रोलपंपामागच्या मैदानात लावू लागला, आणि खिडकीसमोर नुसतं सिमेंट उरलं. लिहून त्यानं काही दिलं नाही. पक्कडनी तीनदा मागितलं, लेकीकरवी.

एका दुपारी लेक त्यांच्या हातावरचा भाजल्याचा फोड धूत होती. पेला पुन्हा जास्त वेळ धरला गेला होता. पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, ‘आबा, एक विचारू? तिथं जाऊन सगळं सांगून आलात. आता तरी बरं वाटतं का तुम्हाला?’

तिच्याशी तरी खोटं बोलायचं नव्हतं.

‘नाही गं,’ ते म्हणाले.

तिनं पट्टीची गाठ मारली. ‘घट्ट झाली का?’ तिनं विचारलं, आणि लगेच तिच्या लक्षात आलं की हे त्यांना सांगता येणार नाही. मग तिनंच गाठीखाली बोट घालून बघितलं आणि ती भांडी घासायला आत गेली.